इतर आजार : काही नाही

नाव : सीमंतिनी श्रीपाद हर्डीकर.

वय : सत्तेचाळीस.

पत्ता : दौलतगंज, लश्कर, ग्वाल्हेर.

काम : शिक्षिका. गणित, नववी-दहावी. मुरारला मुलींच्या शाळेत.

तक्रार : डोकं. डाव्या डोळ्याच्या मागून सुरू होतं. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको, पलंगावर कोणी येऊन बसायला नको. महिन्यातले अकरा-बारा दिवस.

इतर आजार :

इथे मी अडले.

हा फॉर्म कागदावर नसतो. जयेंद्रगंजात डॉ. शरच्चंद्र पिंगळ्यांचा दवाखाना आहे, तिथे काउंटरमागे पद्माताई बसतात. त्या एकेक प्रश्न वाचतात, आपण तोंडी सांगायचं, त्या संगणकात भरतात. बाकांवर पंधरा-सोळा माणसं होती. पद्माताईंचा आवाज मोठा. माझ्या मागे माझ्या सासूबाई उभ्या होत्या, विजयाबाई. घरात आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. आमच्याकडे सुनेला डॉक्टरकडे एकटं पाठवत नाहीत. माई आत खोलीतही येतात आणि माझ्या वतीने उत्तरंही देतात.

“वहिनी, दुसरं काही? शुगर, दमा, थायरॉईड, काही ऑपरेशन?”

खरं उत्तर त्यांनी वाचलेल्या यादीतच होतं. मला फक्त ‘यादीतलं दुसरं’ म्हणायचं होतं.

“काही नाही हो हिला,” मागून माई. “धुळीची ॲलर्जी तेवढी.”

“ती तर इथे कुत्र्या-मांजरांनापण आहे,” पद्माताई हसल्या. “ते लिहीत नाही. इतर आजार, काही नाही. बसा वहिनी, सातवा नंबर.”

मी बसले.

*

इतर आजार (खरं) :

दमा. वयाच्या सहाव्या वर्षापासून.

१९९९ साली माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी मध्यस्थाला सांगितलं, मुलीला धुळीची ॲलर्जी आहे. ग्वाल्हेरात मे महिन्यात लू, तो गरम धुळीचा वारा, सुटली की कोणाचं नाक वाहत नाही? कोणी पुढे विचारलं नाही. सासरी आल्यावर माझा पंप म्हणजे ‘ॲलर्जीचा फवारा’ झाला. दुसऱ्या वर्षी ह्यांना कळलं. हे म्हणाले, “असू दे. माईला कशाला?” मग ‘माईला कशाला’ हेच सव्वीस वर्षं चाललं. माईंना खरंच माहीत नाही, की माहीत असून त्यांनी माहीत नसण्याची सवय करून घेतली, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी परवापर्यंत स्वतःशीसुद्धा ॲलर्जीच म्हणत होते.

आता यात पद्माताई कुठून आल्या?

माझ्या मुलीचं, अवंतिकाचं, मुरारच्या विहंगशी जमत आलं होतं. मुलगा पुण्याला, आईवडील इथे. पत्रिका जुळली, दोघं दोनदा भेटली, अवंतिकाला आवडला. पद्माताई विहंगच्या सख्ख्या मामी. ग्वाल्हेरात आपली मराठी माणसं मोजकी. त्यांतलीच काही डॉक्टर, काही पेशंट, काही काउंटरवर बसणारी, आणि सगळी एकमेकांच्या लग्नांत जेवलेली. त्या संगणकात ‘दमा’ गेला की संध्याकाळी मुरारला चहाबरोबर पोचणार. मुलीच्या आईला आहे म्हणजे मुलीला असणार.

आदल्या दिवशी मी आईला फोन केला होता.

“सव्वीस वर्षं धकलं,” आई म्हणाली, “आता चार महिने धकव. अक्षता पडू देत.”

“आई, औषध द्यायच्या आधी विचारतात.”

“विचारू देत. आपण सांगायला हवंच असं कुठे आहे?”

*

मला काय हवं होतं ते एकदा साफ सांगते. एक गोळी. डोकं थांबवेल आणि दुसरं काही मोडणार नाही अशी. शाळेने सांगून टाकलं होतं : मॅडम, या सत्रात आपल्या एकवीस छुट्ट्या झाल्या, अप्रैलपासून दहावी दुसऱ्या मॅडमना. मी एकोणीस वर्षं दहावी शिकवते. दहावी गेली की मी सहावीच्या मुलींना लसावि शिकवत निवृत्त होणार.

खोलीत गेलो. डॉ. पिंगळे चांगले आहेत. पेशंटकडे बघून बोलतात, दर तिसऱ्या वाक्याला पडद्याकडे बघतात.

“बीपी एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव. महिन्यातून किती पेनकिलर?”

“लागेल तशी.”

“म्हणजे किती?”

“पंधरा. अठरा.”

“त्यांनीच अर्धं डोकं दुखतंय तुमचं. रोज घेतली की शरीर तीच मागत राहतं.” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. इतर आजार, काही नाही. “प्रोप्रानोलॉल देतो. जुनं औषध आहे, बीपीपण खाली येईल आणि डोकंपण. दमा असेल तर ही देता येत नाही, श्वासनळ्या आवळतात. पण तुम्हाला तो प्रश्न नाही. श्वासाचा काही त्रास?”

त्यांनी विचारलं. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे सगळे म्हणाले की डॉक्टरने विचारायला नको का.

“छे,” माई म्हणाल्या. “धूळ लागली की शिंकते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद तरी. दोन सेकंदांत दमा हा शब्द सहा वेळा म्हणून होतो.

“नाही,” मी म्हणाले.

घरी येऊन वाटलं, फोन करून हळूच सांगावं. फोन पद्माताई उचलतात.

वीस मिलिग्रॅम, मी स्वतःला सांगितलं. वीस म्हणजे किती तो आकडा. आणि शेवटचा मोठा झटका येऊन पाच वर्षं झालीत. गणिताची बाई. पाच वर्षं आला नाही म्हणून उद्या येणार नाही, असं एखाद्या मुलीने पेपरात लिहिलं असतं तर मी तिला शून्य दिलं असतं.

*

पहिला दिवस : काही नाही.

दुसरा दिवस : डोकं जरा हलकं. मी आनंदात दहावीच्या वह्या तपासल्या.

तिसरा दिवस : जिना चढताना छाती जड. पंप घेतला. नेहमी दोन फवाऱ्यांत मोकळं होतं, झालं नाही.

चौथा दिवस, रविवार, दुपार : अवंतिका घरूनच काम करते, ती खोलीतून बाहेर आली तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होते. पोळी तव्यावर काळी होत होती. मला ती उलटता येत नव्हती.

“आई? आई, क्या हुआ? माई, आई बघा कशी करून राहिली आहे!”

ऑटोत मी मध्ये, दोघी दोन बाजूंना. माई माझी पाठ चोळत होत्या आणि म्हणत होत्या, काल गाद्या झाडल्या ना, त्याचीच धूळ.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर. छातीला नळी लावली आणि त्याचा चेहरा बदलला.

“इनको अस्थमा है?”

“नहीं नहीं,” माई म्हणाल्या. “धूल की एलर्जी है.”

“कोई नई दवाई शुरू की है?”

अवंतिकाने मोबाईलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवला. त्याने वाचलं, पुन्हा मला तपासलं.

“माताजी, ठीक से बताइए. अस्थमा है तो यह गोली ज़हर का काम करती है. है या नहीं?”

“नाही म्हटलं ना,” माई मराठीत म्हणाल्या. त्या घाबरल्या की मराठीत जातात. “एलर्जी है!”

मी हात वर केला. वर्गात मुली करतात तसा. बोलायला हवा पुरत नव्हती. मी बोटाने छातीकडे दाखवलं, मग डोकं हलवलं, हो, हो, पण घाम आलेल्या बाईचं डोकं हललेलं कोण मोजतं?

“है,” अवंतिका म्हणाली. “अस्थमा है. बचपन से है. मेडिकल शॉप से इनका पंप मैं ही लाती हूँ. लिखिए आप.”

ती माईंकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही.

तोंडावर वाफेचा मास्क. शिरेतून औषध. पाऊण तासाने पहिला श्वास तळापर्यंत गेला. माई भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या, पदर दोन्ही हातांत घट्ट पिळून, आणि एकटक मास्ककडे बघत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी अवंतिकाने पिंगळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. मी नको म्हणत होते.

“हॅलो पद्माकाकू, अवंतिका बोलतेय. आईच्या रेकॉर्डमध्ये अस्थमा डाला प्लीज. हो, अस्थमा. हो, पहले से. नाही, ॲलर्जी नाही. काकू, ‘काही नाही’ खोडा आणि अस्थमा लिहा, बस.”

फोन ठेवून ती म्हणाली, “झालं. इतना ही था.”

“तुला कळतं का तू काय केलंस?”

“मी? आई, तू मरणार होतीस. एका शब्दासाठी. यार, कोई ऐसा करता है?”

चौथ्या दिवशी मुरारहून फोन आला. माईंनी घेतला. हो, हो, असं का, अच्छा, बरोबर आहे, बघायलाच हवं. ठेवला.

“नाडीदोष निघाला,” माई म्हणाल्या.

अकरा आठवडे पत्रिका जुळत होती.

“माई,” अवंतिका म्हणाली, “पत्रिकेत फुप्फुस कितव्या घरात असतं गं?”

कोणी हसलं नाही. ती स्वतः हसली, मग खोलीत गेली आणि लॅपटॉपवर कोणाशी तरी इंग्रजीत फार मोठ्याने कामाचं बोलू लागली. जेवायला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. काही बोलायला गेले असते तर ती म्हणाली असती, मुलगाच बोदा होता, कच्चा. ते खरं असेलही. पण तिला तो आवडला होता.

आणि डोकं? डोकं त्या आठवड्यात पाच दिवस दुखलं. प्रोप्रानोलॉल बंद. पेनकिलर बंद, कारण त्या तरुण डॉक्टरने दम्यात तीही जपून घ्या म्हटलं होतं. मी अंधाऱ्या खोलीत ओला रुमाल घेऊन पडायचे आणि शाळेत बाविसावी, तेविसावी, चोविसावी रजा लागायची.

*

पुन्हा जयेंद्रगंज. पुन्हा माई बरोबर. काउंटरवर पद्माताई मान खाली घालून म्हणाल्या, “तिसरा नंबर.” वहिनी म्हणाल्या नाहीत.

डॉ. पिंगळे चिडले होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

“मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

“मी काय ज्योतिषी आहे का?”

माई म्हणाल्या, “झालं ते झालं, डॉक्टर. आता चांगलंसं काही द्या.”

“चांगलंसं म्हणजे काय, विजयाकाकू? दुकानात साडी आहे का?” त्यांनी कोरा कागद ओढला. “चला. या वेळी मी विचारणार आणि यांनीच सांगायचं. काकू, तुम्ही नाही.”

मुतखडा? झाला होता, दोन वर्षांपूर्वी. त्यांनी टोपिरामेट लिहून खोडलं. त्या गोळीने खडे होतात.

डोळे? काचबिंदूची सुरुवात आहे, कोन अरुंद आहे म्हणाले होते. अमिट्रिप्टिलिन, खोडलं. डोळ्याचा दाब वाढेल.

लिव्हर? चरबी आहे, सोनोग्राफीत आली होती. व्हॅल्प्रोएट, खोडलं.

दुखायला लागल्यावर घ्यायच्या गोळ्या असतात, ट्रिप्टान, त्यांच्याबद्दल मी विचारलं. बीपी ताब्यात आल्याशिवाय नाही, कारण त्या रक्तवाहिन्या आवळतात. आवळतात हा शब्द मला आता कळत होता.

नववीला मी अभ्यासक्रमापुढची म्हणून असमीकरणं शिकवते, मोठ्या-लहानच्या चिन्हांची. एका रेषेने फळ्याचा अर्धा भाग जातो. दुसरीने उरलेल्याचा अर्धा. मुली छायांकित करत जातात, आणि कधीकधी मी मुद्दाम असं उदाहरण देते की शेवटी काहीच पांढरं उरत नाही. मग एखादी विचारते, मॅम, उत्तर क्या लिखें? लिही, रिकामा संच. तेही उत्तर आहे, मी म्हणते. किती सहज म्हणते.

“मग फ्लुनारिझिन,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज सैल झाला. “दम्याला चालतं, खड्याला चालतं. थोडं वजन वाढेल, थोडी झोप येईल. हे जमेल.” त्यांनी चिठ्ठी ओढली आणि लिहायला घेतलं. माईंनी पर्स मांडीवर सरळ केली. आम्ही उठणारच होतो.

तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. पुढे विचारणार होते का? कदाचित. बाहेर वीस माणसं होती.

फ्लुनारिझिनबद्दल मी आदल्या दुपारी मोबाईलवर वाचलं होतं. दोन ओळी. ज्यांना पूर्वी डिप्रेशन होऊन गेलं आहे त्यांना देऊ नये, ते परत येऊ शकतं.

२०१९. आठ महिने. सकाळी उठून दात घासायचे म्हणजे डोंगर चढायचा. फळ्यावर अर्धं गणित सोडवून मी खिडकीबाहेर बघत उभी राहायचे आणि मुली मधेच सोडवून टाकायच्या. ह्यांनी मला आग्र्याला नेलं. झाशी जवळ पडलं असतं, पण झाशीला आपली माणसं आहेत. दर महिन्याला एका शनिवारी ‘श्रीपादच्या ऑफिसच्या कामाला’ आम्ही दोघं आग्र्याला जायचो आणि येताना माईंसाठी पेठा आणायचो. घरात त्या आठ महिन्यांचं नाव थकवा. हिमोग्लोबिन कमी झालं होतं, असं. माईंनी मला रोज बीट खायला घातलं होतं.

चिठ्ठीवर नाव लिहून झालं होतं. खाली ते ‘रात्री एक’ लिहीत होते.

माई माझ्यापासून एका हातावर.

मला वाटलं, राहू दे. आता सोयरीकही गेली, अब्रूचं जेवढं जायचं तेवढं गेलं, थोडं तरी उरू दे. वजन वाढेल, झोप येईल, डोकं थांबेल. आणि परत तसं झालं तर? झालंच तर पुन्हा आग्रा.

मग माझीच मला इतकी चीड आली की मी जरा मोठ्यानेच बोलले.

“ते नको. मला डिप्रेशन होतं.”

पेन थांबलं.

“कधी?”

“एकोणीस साली. आठ महिने गोळ्या घेतल्या. आग्र्याला.”

“हे आधी का नाही—”

“कोणाला सांगू?” मी म्हणाले. “तुमच्या काउंटरवर? सोळा माणसांत? तुमच्या पद्माताई मोठ्याने वाचतात, डॉक्टर. शुगर आहे का, दमा आहे का, वेड लागलं होतं का. आणि आत यावं तर माझ्याबरोबर कोणी ना कोणी असतंच. तुम्ही मला एकटीला कधी विचारलंत? एकदा?”

डॉक्टरांनी ती चिठ्ठी फाडली, आणि दाराकडे बघून, जरा ओशाळून म्हणाले, “तो फॉर्म कागदावर आणतो. तुमचं बरोबर आहे.”

माईंच्या पर्सची चेन उघडत होती, मिटत होती.

“कँडेसार्टन,” डॉक्टर शेवटी म्हणाले. “बीपीची गोळी. डोक्यालाही चालते. दमा, खडा, डोळे, मन, कशालाच हिचं वावडं नाही. पण आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून आणा, त्याशिवाय सुरू करायची नाही. गुण यायला दोन महिने धरा.”

“दोन महिने?”

“आलाच तर.”

“आणि तोपर्यंत डोकं दुखलं तर?”

त्यांनी तपासणीची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

*

ई-रिक्षात माई पूर्ण रस्ताभर बाहेर बघत होत्या. नदी गेटच्या चौकात गर्दीत रिक्षा अडकली. सगळे हॉर्न माझ्या डाव्या डोळ्यामागे वाजत होते.

“ते बीट,” माई म्हणाल्या, “उगाचच खाल्लंस म्हणायचं.”

“हो.”

“मला आवडत नाही बीट. तुझ्याबरोबर मीपण खायचे.”

रिक्षा दोन हात पुढे सरकली.

“श्रीपाद नेत होता?”

“हो.”

“आणि मला म्हणायचा ऑफिसचं काम.” मग त्या माझ्याकडे सरकून, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “हे बघ. श्रीपादला बोलू नकोस, मला माहीत पडलं म्हणून. त्याला वाईट वाटेल. आईशी खोटं बोललो असं होईल त्याला. आपल्या दोघींत राहू दे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या मनापासून बोलत होत्या. डोळ्यांत पाणीही होतं. त्या मला एक नवीन गोष्ट लपवायला सांगत होत्या, आणि मायेने सांगत होत्या. दोन दिवसांनी ह्यांनी मला सांगितलं असतं की अवंतिकाला हे कळू देऊ नकोस. मग अवंतिकाने. आणि पुन्हा कुठल्या तरी अपघात विभागात मी हात वर करून बसले असते, आणि शेजारी उभ्या माणसाला ठाऊक नसतं काय सांगायचं ते.

मी फोन काढला.

“काय करतेस?” माई म्हणाल्या. “सीमंतिनी! आत्ता नको गं. रस्त्यात?”

ह्यांनी उचलला. मागे ऑफिसचा आवाज.

“अहो, माईंना आग्र्याचं सांगितलं मी. आत्ता माझ्या शेजारीच बसल्यात.”

पलीकडे कोणीतरी ह्यांना ‘हर्डीकर साहब, दस्तख़त’ म्हणालं.

“हॅलो?”

“ऐकतोय,” हे म्हणाले. मग, “रागावली का?”

“त्यांनाच विचारा.” मी फोन माईंच्या पुढे धरला. त्यांनी मान फिरवली. फोन परत कानाला लावला.

“नंतर बोलतील.”

“हं. मग गोळी कोणती दिली?”

“अजून कोणतीच नाही. आधी रक्त तपासायचं आहे.”

“आणि डोकं?”

“दुखतंय,” मी म्हणाले, आणि रिक्षावाल्याला म्हटलं, “भैया, घर नहीं, पहले लैब चलो.”